आमच्या गटात गाणारी कोण?

 

एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी बोलतो ते हप्त्याबद्दल, व्याजाबद्दल, शेळीच्या विम्याबद्दल, नाहीतर पापडाच्या पॅकिंगबद्दल. आज त्यातलं काही नाही. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्यात आमच्या हातून झालेली एक चूक आहे, ती सांगायची आहे. गाणं कसं मोजायचं हे ठाऊक नसताना आम्ही ते मोजायला बसलो होतो.

झालं असं. मागच्या ८ मार्चला आमच्या भागातल्या सगळ्या बचत गटांचा मेळावा घ्यायचं ठरलं. हळदीकुंकू, भाषणं, जेवण हे दरवर्षीचंच. नवीन काहीतरी हवं म्हणून गाण्याची स्पर्धा ठेवली. प्रत्येक गटानं एक गाणारी पाठवायची. आमच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत मांडून झाले, आणि आम्ही विचारलं, "आपल्या गटात गाणारी कोण आहे?"

सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "आपल्यात कुठली आलीय गाणारी?" दुसरी म्हणाली, "ती शिंपिणीची सून आहे की. माहेरी पेटी शिकलीय, दोन परीक्षा दिल्यात तिनं." झालं, त्या सुनेचं नाव लिहिलं. आणि या सगळ्या वेळात भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी वाती वळत होत्या आणि वळता वळता गुणगुणत होत्या. ते सगळ्यांच्या कानावर पडत होतं, पण ऐकलं कुणीच नाही.

या आजी कोण? आमच्या गावात गेल्या चाळीस वर्षांत जेवढी लग्नं झाली, त्या प्रत्येक लग्नात घाणा भरताना, हळद दळताना ओव्या म्हणायला यांनाच बोलावणं जातं. बारसं असलं की पाळणा त्यांचा. पंचमीला फेर धरला की पहिलं गाणं त्यांचं. आम्हांला उशिरा का होईना, सुचलं. म्हटलं, "आजी, तुम्हीही नाव द्या की. तुम्ही गाता एवढं छान."

आजी म्हणाल्या, "मी कुठली गाणारी बाई? मी आपली ओवी म्हणती."

मैत्रिणींनो, या एका वाक्यात सगळं आलं. आपण गाणं 'गातो' आणि ओवी 'म्हणतो'. पाळणा 'म्हणतो', आरती 'म्हणतो'. आपल्या तोंडचं जे आहे ते नुसतं म्हणणं, आणि स्टेजवरचं असलं की ते गाणं. असा फरक आपल्या भाषेतच पडून गेलाय. म्हणून घरोघरी गाणाऱ्या बाया असून गटाच्या वहीत मात्र 'गाणारी कोणी नाही' असं लिहायची वेळ येते.

मग गाणारी म्हणायचं तरी कुणाला? आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. एकेक उत्तर घेऊन बघितलं.

शिकलेली असेल ती गाणारी? तसं म्हणावं, तर जळगाव जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवा. १८८० सालचा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता तोंडातून गाणी यायची, ती त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी आणि नात्यातल्यांनी उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक आलं. आज त्यांच्या कविता शाळेत शिकवतात. पण समजा, कुणी ते उतरवूनच घेतलं नसतं, तर? बहिणाबाई तेवढ्याच मोठ्या असत्या, फक्त आपल्याला पत्ता लागला नसता.

मग स्टेजवर उभी राहते, गाण्याचे पैसे घेते, ती गाणारी? वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी उभा जन्म लावणी गायली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढं होतं. पण गावोगाव पैसे घेऊन गाणाऱ्या बाईला लोक काय म्हणत आले? 'तमाशातली'. म्हणजे बघा, बाई फुकट गायली तर 'ती आपली असंच म्हणते', आणि पैसे घेऊन गायली तर 'ती तसली'. 'कलावंत' हा शब्द काही तिच्या वाट्याला लवकर येत नाही.

आता स्पर्धेच्या दिवसाचं सांगतो.

बरंच समजावल्यावर आजी तयार झाल्या. इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या. परीक्षक म्हणून आम्ही तिघीजणी समन्वयक खुर्च्यांवर बसलो. गुणपत्रक आम्हीच तयार केलं होतं. आवाज, सूर-ताल, पाठांतर, वेशभूषा, सादरीकरण असे पाच रकाने. प्रत्येकाला दहा गुण. वेळ तीन मिनिटं, मग घंटा.

आजींचं नाव पुकारलं. त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून पदराचं टोक पिळत राहिल्या. आवाज सुरुवातीलाच बसला. पहिली ओळ म्हणाल्या, पुन्हा तीच म्हणाल्या, थांबल्या, पुढची म्हणाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, मोठ्यानं!" दुसरी ओवी अर्ध्यात असताना घंटा वाजली. आजी तिथंच थांबल्या, माईकला नमस्कार केला आणि खाली उतरल्या.

आम्ही पाठांतराला चार गुण दिले, कारण त्या ओळ पुन्हा म्हणाल्या, म्हणजे विसरल्या असं आम्हांला वाटलं. सादरीकरणाला तीन. साथ नाही, हावभाव नाहीत. एकोणीसजणींत आजींचा नंबर शेवटचा. पहिलं बक्षीस एका गटाच्या बाईला मिळालं, तिनं मोबाईलवर ट्रॅक लावून सिनेमातलं गाणं म्हटलं. तिचं काही चुकलं नव्हतं. सूर पक्का होता, महिनाभर तयारी केली होती. आमच्या सुनेचा दुसरा नंबर आला. तिनंही मेहनत घेतली होती. चुकलं ते आमचं.

ते कधी कळलं? पुढं महिन्याभरानं, एका लग्नात.

घाणा भरायला सुवासिनी जमल्या. मुसळाला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधून झालं, जात्याला हळदीची बोटं लावून झाली. आजी आल्या होत्या, पण भिंतीशी बसून राहिल्या. तसं पाहिलं तर त्या विधवा. म्हणून मुसळाला हात लावायला त्यांना कधीच कुणी बोलवत नाही. ओवी मात्र त्यांचीच लागते. ही आपली रीत बरोबर की चूक, त्यावर एकदा वेगळं बोलायला हवं. तर त्या दिवशी नवरीची आई म्हणाली, "घ्या ना आत्या, सुरुवात करा." आजी म्हणाल्या, "मला कुठं येतंय? त्यो स्पीकर लावा."

बायांनी आपापसांत एक ओवी कशीबशी म्हटली. गणपतीची. पुढची कोणती, ते कुणालाच येईना. पाचजणी मुसळ धरून नुसत्या उभ्या. मग खरंच कुणीतरी बाहेर जाऊन स्पीकर लावला आणि हळद तशीच उरकली. नवरीची आई नंतर आम्हांला म्हणाली, "माझ्या लग्नात आत्यांनी माझ्या माहेरच्या एकेकाचं नाव ओवीत घेतलं होतं. मेलेल्या भावाचंसुद्धा. माझ्या पोरीला ते मिळालं नाही."

आमच्या मनाला ते फार लागलं. एकोणीसजणींत शेवटचा नंबर ज्यांना आम्ही दिला, त्यांच्यावाचून गावातलं लग्न अडलं होतं.

मग आम्ही आजींकडे गेलो. मेळाव्याला नाही बोलावलं, आम्हीच त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ होती. बरोबर ती पेटी शिकलेली सून होती. आम्ही म्हटलं, "आजी, आमचं चुकलं. आम्हांला गुण द्यायचे कळत नव्हते." आजींनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "गुण काय भाजीत घालायचेत? हरभरा भरडायचाय. बस इथं, वैरण घाल."

समोर त्यांची जाऊ येऊन बसली. दोघींनी खुंटा धरला. जातं फिरायला लागलं, आणि मैत्रिणींनो, माईकसमोर जो आवाज बसला होता तो कुठल्या कुठं गेला. त्या दोन तासांत आम्हांला काय काय दिसलं ते ऐका.

पहिलं म्हणजे, ओवीचा ताल जात्यातून येतो. घरघर चालू असते, हात फिरतो, त्याबरोबर श्वास फिरतो आणि श्वासावर ओळ बसते. आम्ही आजींना स्टेजवर नेलं तेव्हा जातं घरीच राहिलं. तबलजीला तबल्याशिवाय बसवावं, तसं झालं ते.

दुसरं, ओळ दोनदा म्हणतात ती विसरल्यामुळं नाही. पहिली ओळ एकीनं टाकली की दुसरी ती उचलते. तेवढ्यात पहिलीला पुढची ओवी शोधायला सवड मिळते. म्हणजे आम्ही जिथं गुण कापले, तिथंच त्यांची कारागिरी होती.

तिसरं, पाठांतराचा रकानाच चुकीचा होता. त्या संध्याकाळी आजींनी जुन्या ओव्या तर म्हटल्याच, पण मध्येच गटाचं कर्ज ओवीत आलं, बँकेतली रांग आली, कर्जावर घेतलेली आणि पुढं मेलेली शेळी आली. आम्ही हसलो आणि मग आमचे डोळे भरून आले, कारण ती शेळी आमच्याच सह्यांनी घेतली होती. ती ओवी आदल्या दिवशी नव्हती, तिथंच बसल्या बसल्या झाली. जे आत्ता जन्मतंय त्याला पाठांतराचे गुण कसे देणार?

आणि चौथं, ओवी कुणाला ऐकवायची म्हणून नसते. ती आईला सांगायची असते, भावाला, विठ्ठलाला, नाहीतर त्या जात्यालाच. म्हणून तिचा आवाज बाहेर फेकलेला नसतो. 'आजी, मोठ्यानं' असं ओरडणं म्हणजे कुणी मैत्रिणीच्या कानात सांगत असताना 'सगळ्यांना ऐकू येऊ दे' म्हणण्यासारखं झालं.

सुनेनं पेटीवर ती चाल काढून बघितली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, आजींचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतोय. पेटीत सापडतच नाही." आम्हांला वाटलं, आजी बेसूर आहेत की काय. ती म्हणाली, "नाही, पेटीच कमी पडतेय." घरी येऊन तिनं तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, हे जुनंच दुखणं आहे. पेटीत ठरावीक पट्ट्या, मधले सूर तिला देता येत नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं जमत नाही. अशा कारणांनी आकाशवाणीवर १९४० सालापासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या संस्थेनंही एका वाद्याला नापास केलं होतं, आणि आज त्याच पेटीशिवाय आपलं एक भजन होत नाही. परीक्षकांचा निकाल म्हणजे काही दगडावरची रेघ नाही.

आता कुणी म्हणेल, मग परीक्षा घ्यायच्याच नाहीत का? सगळ्याच गाणाऱ्या, सगळ्यांनाच पहिला नंबर? तसं आमचं म्हणणं नाही. आकाशवाणीवर गायचं तर आवाजाची चाचणी द्यावी लागते, बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. पारख हवीच. आणि आपल्या बायांत ती पहिल्यापासून आहे. जात्यावर बसलेल्या बायांना विचारा, त्या लगेच सांगतील, हिची ओवी गोड लागते, तिची ओढून ताणून असते, अमकी म्हणायला लागली की दुसरीला उचलायला सोपं जातं, तमकी एकटीच पळते. हे गुण देणंच झालं. फक्त कागदावर नाही. आणि त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे बोलावणं. लग्न ठरलं की 'तिला सांगावा धाडा' असं जिच्याबद्दल म्हणतात, ती पास.

आमच्या मनात आता एवढं पक्कं झालंय की, गाणं ज्या कामासाठी आहे ते काम झालं का, हे बघून त्याची पारख करावी. ख्याल ऐकताना राग बघा. पोवाडा असेल, तर शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचले का आणि अंगावर काटा आला का, हे बघा. भारूड असेल, तर हसता हसता कुठं टोचलं का, ते बघा. भजनात टाळ-मृदंग आणि माणसं एक झाली का, बघा. पाळण्याला तर एकच परीक्षक, पाळण्यातलं लेकरू. ते झोपलं का? आणि ओवी असेल, तर दळण सरलं का, समोरचीनं उचलली का, आणि जिच्यासाठी म्हटली तिच्या मनातलं तीत आलं का. आम्ही या सगळ्याला एकच गुणपत्रक लावलं. पायलीनं ज्वारी मोजतात, म्हणून दूधही पायलीनंच मोजलं.

आणि गाणारी कोण? जिच्यावाचून चारचौघींचं गाणं अडतं, ती गाणारी. मग ती शिकलेली असो नसो, पैसे घेवो न घेवो.

हे काही आम्हांलाच पहिल्यांदा सुचलं असं नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कित्येक वर्षं खपून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि लाखाहून जास्त ओव्या. आता त्या 'पारी' या संकेतस्थळावर मोबाईलवरही वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. आम्ही सुनेच्या मोबाईलवर बघितल्या. आम्हांला सगळ्यांत आवडलं ते हे की, ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे. 'लोकगीत' म्हणून बेवारशी सोडून दिलेलं नाही. आम्ही ते आजींना दाखवलं. त्यांनी दोन-तीन ओव्या ऐकल्या आणि म्हणाल्या, "ही दुसरी बाई चांगली म्हणती. पहिलीला घाई झालीय." बघा, परीक्षक कशा असाव्यात!

आता थोडं कामाचं.

तुमच्या गटाच्या वहीत एक नवीन पान करा. आपल्यात कोण ओव्या म्हणते, कोण पाळणे, कोण भूपाळी, कोण डफ वाजवते, कुणाला पंचमीची किती गाणी येतात, ते नावानिशी लिहा. 'आपल्यात कोणी नाही' असं लिहिण्याआधी म्हाताऱ्या बायांना विचारा. आणि 'तुम्ही गाता का' असं विचारू नका, त्या नाहीच म्हणतील. 'लग्नात तुम्हांला कशाला बोलावतात' असं विचारा.

मोबाईलवर आवाज भरून घ्या, पण त्यांच्या घरी, त्यांच्या कामाच्या वेळेला. आधी विचारा. नाव, गाव, तारीख लिहा. न विचारता व्हॉट्सअॅपवर टाकू नका. ओवीत घरातलं दुःख असतं, ते सगळ्या गावाला वाटायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. त्या अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात. पन्नास वर्षं जात्यावर गायलेल्या बाईकडं कसला आलाय पुरावा? म्हणून आजपासून पुरावे तयार करा. कार्यक्रमाला बोलावलं तर पत्र देऊन बोलवा, फोटो काढा, गटाच्या ठरावात नाव घ्या. नियम काय आहेत ते पंचायत समितीत जाऊन विचारा. एकटीला पाठवू नका, दोघीजणी बरोबर जा. आमच्या आजींचा अर्ज आम्ही भरायला घेतलाय. 'कलाप्रकार' या रकान्यात आम्ही लिहिलं 'ओवी गायन', आणि आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गायन लिहिलंस? बरं, असू दे."

येत्या ८ मार्चला स्पर्धा ठेवायची की नाही ते अजून ठरायचं आहे. पण मांडवात एका कोपऱ्यात जातं मांडायचं, तिथं घंटा नाही आणि वेळेचं बंधन नाही, एवढं नक्की झालंय. परीक्षक म्हणून दोन म्हाताऱ्या बसतील. आम्ही वैरण घालू.

आता आमचं बोलणं थांबवतो. यानंतर तुम्हांला आजींच्या आणि त्यांच्या जावेच्या ओव्या ऐकायला मिळतील. त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याच ओसरीत भरून घेतलेल्या आहेत. मागं घरघर ऐकू येईल. रेडिओ बिघडला म्हणून बंद करू नका. ते जातं आहे.